दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पार्टिशनमधले फोटो: उघडायचे कसे, सुखरूप काढायचे कसे

एका संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की हा प्रश्न कधी ना कधी येतोच: फोटो तिकडे राहिले आणि आपण इकडे आहोत. त्याचंच वाईट रूप म्हणजे विंडोज सुरूच होत नाही, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलंय, डिस्क समोर दिसतेय, पण क्लिक केलं की एरर येते. अशा वेळी पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. लिनक्सच्या बाबतीत तरी तो बहुधा चुकीचा असतो. वाचायची सोय असते. पण विंडोजने पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग) नीट बंद केलेलं नसतं, त्याला एन्क्रिप्शनचं कुलूप असतं, किंवा फोटो मुळात त्या डिस्कवर उतरलेलेच नसतात. यातलं नेमकं काय झालंय हे कळलं की पुढचं काम फार अवघड नाही.

सुरू करण्याआधी एकच नियम ठरवून टाका. परक्या पार्टिशनमधून फक्त वाचायचं, तिथे काही लिहायचं नाही. फोटो कॉपी करायचे, ‘कट’ करायचे नाहीत. नाव बदलणं, फिरवून सेव्ह करणं, नको ते डिलीट करणं, हे सगळं कॉपी आपल्या हातात आल्यावर. आणि फोटो चुकून डिलीट झाले म्हणून शोधत असाल तर ही बाब आणखी महत्त्वाची आहे, कारण त्या पार्टिशनवर पडणारी प्रत्येक नवी फाइल जुन्या फोटोची जागा खाऊ शकते.

आधी पार्टिशन ओळखा

लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ नावाचं ॲप उघडा (केडीई वापरत असाल तर ‘पार्टिशन मॅनेजर’). टर्मिनलची सवय असेल तर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘-एफ’ या पर्यायासह द्या. या लेखातल्या सगळ्या आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत. प्रत्येक पार्टिशनचा आकार, फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आणि लेबल समोर येईल.

विंडोजच्या डिस्कवर साधारण चार तुकडे दिसतात. शंभर-दोनशे एमबीचं फॅट३२ पार्टिशन बूटसाठी असतं. १६ एमबीचा एक राखीव तुकडा असतो, त्यात काहीच नसतं. काहीशे एमबीचं एक रिकव्हरी पार्टिशन असतं. आणि एनटीएफएस फाइल सिस्टीमचं जे सगळ्यात मोठं, ते आपलं. नावावर विसंबू नका, आकार बघा. एकाच संगणकात दोन डिस्क असल्या की ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ ही नावं बूटगणिक अदलाबदल होऊ शकतात.

डिस्क यादीतच नसेल तर ती बिघडली असं लगेच समजू नका. अनेक लॅपटॉपवर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘इंटेल आरएसटी’ किंवा ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) मोडवर ठेवलेलं असतं आणि मग लिनक्सला आतली एसएसडी दिसतच नाही. बायोसमध्ये ते ‘एएचसीआय’ केलं की डिस्क दिसू लागते. मात्र त्या बदलाची पूर्वतयारी केलेली नसेल तर त्या मोडमध्ये विंडोज सुरू होणार नाही. म्हणून जुनं सेटिंग लिहून ठेवा आणि फोटो काढून झाले की परत तसंच करा. त्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, याबद्दलचा भाग पुढे आहे तो वाचा, कारण बायोसमध्ये हात घातल्यावर विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकतं.

विंडोजमधून बघत असाल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. लिनक्सचं पार्टिशन तिथे ड्राइव्हच्या अक्षराशिवाय आणि फाइल सिस्टीमच्या नावाशिवाय दिसतं. ते बघा आणि सोडून द्या. राइट क्लिकच्या यादीत तिथे ‘डिलीट’ही असतं. पार्टिशनला अक्षर दिलं गेलं असेल, किंवा लिनक्सची बाहेरची डिस्क जोडली असेल, तर विंडोज विचारतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का?’ उत्तर कायम ‘कॅन्सल’. विंडोजला ती फाइल सिस्टीम वाचता येत नाही एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ आहे. पण ‘हो’ म्हटलंत तर फोटो जातात.

लिनक्समधून विंडोजचे फोटो

ही दिशा सोपी. लिनक्सवर एनटीएफएस वाचणारे दोन मार्ग आहेत. जुना, मुरलेला ‘एनटीएफएस-३जी’. आणि पॅरागॉन कंपनीने लिहिलेला ‘एनटीएफएस३’, जो २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीपासून थेट लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आला. तुमच्याकडे कोणता आहे याने फोटो वाचण्यात फरक पडत नाही. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत विंडोजचं पार्टिशन दिसेल, त्यावर क्लिक करा. ते ‘मीडिया’ किंवा ‘रन/मीडिया’ या फोल्डरखाली माउंट होतं, म्हणजे फोल्डरसारखं उघडतं.

आत ‘युजर्स’, मग विंडोजमधलं तुमचं नाव, मग ‘पिक्चर्स’. तेवढ्यावर थांबू नका. बहुतेकांचे निम्मे फोटो ‘डाउनलोड्स’ आणि ‘डेस्कटॉप’वर पडलेले असतात. ‘वनड्राइव्ह’ फोल्डर असेल तर त्याच्या आत आणखी एक ‘पिक्चर्स’ असू शकतं, आणि बॅकअप चालू असेल तर खरे फोटो त्याच दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात. पहिलं जवळपास रिकामं सापडतं. सगळी कडेकपार धुंडाळण्यापेक्षा फाइल मॅनेजरमध्ये जेपीजी, पीएनजी, एचईआयसी आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलचं एक्स्टेंशन टाकून शोध घ्या. एचईआयसी विसरू नका. २०१७ पासून आयफोन याच प्रकारात फोटो काढतो.

आता अडथळ्यांकडे. सर्वांत जास्त वेळा आडवा येतो तो ‘फास्ट स्टार्टअप’.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाऊन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा मेमरीतून उचलून डिस्कवरच्या एका फाइलमध्ये झोपवून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता यावं. या झोपेत विंडोजच्या लेखी एनटीएफएस पार्टिशन अजून उघडंच असतं आणि त्याबद्दलची काही माहिती विंडोजने स्वतःजवळ धरून ठेवलेली असते. अशा वेळी लिनक्सने तिथे काही लिहिलं आणि नंतर विंडोज जुनी माहिती घेऊन जागं झालं, तर दोघांचे हिशेब जुळत नाहीत आणि फाइल सिस्टीम खराब होते. म्हणून लिनक्स एकतर पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं, नाहीतर ‘अनक्लीन फाइल सिस्टीम’ असं म्हणून सरळ नकार देतं. हा नकार तुमच्या भल्याचा आहे.

विंडोज चालू होत असेल तर उपाय विंडोजमध्येच करा. एका वेळेपुरतं काम असेल तर ‘शट डाऊन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडा आणि बूट मेन्यूतून लिनक्समध्ये जा. रीस्टार्ट करताना ही झोपेची भानगड नसते. शिफ्ट की दाबून धरून ‘शट डाऊन’ केलं तरी पूर्ण बंद होतं. दोन्ही सिस्टीम रोज वापरत असाल तर कंट्रोल पॅनेल, ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण कायमची काढा. ती खूण फिकट दिसत असेल तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर आधी क्लिक करावं लागतं. एसएसडी असलेल्या संगणकावर सुरू होण्याच्या वेळात फारसा फरक जाणवत नाही, त्यामुळे दुहेरी बूटच्या संगणकावर हे चालू ठेवण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर पार्टिशन केवळ वाचण्यापुरतं माउंट करा. ‘डिस्क्स’ ॲपमध्ये पार्टिशन निवडून चाकाच्या चिन्हावर क्लिक करा, ‘एडिट माउंट ऑप्शन्स’ उघडा, ‘युजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा आणि पर्यायांच्या ओळीत सुरुवातीला ‘आरओ’ ही दोन अक्षरं घालून स्वल्पविराम द्या. टर्मिनलमध्ये करायचं तर ‘माउंट’ आज्ञेला ‘-ओ आरओ’ जोडा. आधी नकार देणारं पार्टिशन एवढ्यावर बहुधा उघडतं, कारण लिहिण्याचा धोकाच उरत नाही.

इथे दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक, ‘एनटीएफएसफिक्स’ चालवा. दोन, झोपलेल्या विंडोजची फाइल उडवणारा ‘रिमूव्ह हायबरफाइल’ पर्याय वापरा. फोटो हातात येण्याआधी दोन्ही टाळा. एनटीएफएसफिक्स नावावरून वाटतं तशी पूर्ण दुरुस्ती करत नाही. काही ठरावीक दोष नीट करतं, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करतं आणि खरी तपासणी विंडोजवर सोडतं. दुसरा पर्याय विंडोजमध्ये उघडं राहिलेलं, सेव्ह न केलेलं काम पुसून टाकतो. आणि दोन्ही पार्टिशनवर लिहितात. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल किंवा कॉपी जागोजागी अडकत असेल तर प्रश्न फाइल सिस्टीमचा नाहीच, हार्डवेअरचा आहे. तेव्हा ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि फोटो त्या प्रतिमेतून काढा.

कुलूप असेल तर

फाइल मॅनेजर पासवर्ड किंवा की मागत असेल, किंवा ‘डिस्क्स’मध्ये पार्टिशनपुढे ‘बिटलॉकर’ दिसत असेल, तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. ‘मी तर कधी लावलंच नव्हतं’ म्हणू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हे प्रमाण आणखी वाढलं.

लागते ती ४८ अंकी रिकव्हरी की. सहा-सहा अंकांचे आठ गट. दुसऱ्या कुठल्याही उपकरणावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्याच खात्याने लॉगिन करा, उपकरणांच्या यादीत ती सापडते. लॅपटॉप ऑफिसने किंवा संस्थेने दिलेला असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असते. एका खात्यात अनेक की असतील तर बिटलॉकरच्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं जुळवून बघा.

की हाती आल्यावर लिनक्समध्ये काही खास करावं लागत नाही. ‘क्रिप्टसेटअप’ या साधनाला २०२० मधल्या २.३ आवृत्तीपासून बिटलॉकर कळतं, त्यामुळे आजच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांमध्ये, पार्टिशनवर क्लिक केलं की चौकट येते, तिथे की डॅशसकट टाकायची. जुन्या डिस्ट्रोवर ‘डिसलॉकर’ इन्स्टॉल करावं लागतं. की कुठेच सापडली नाही तर मात्र मार्ग संपतो. ती शिताफीने तोडून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रामवर पैसे घालवू नका.

फाइल दिसते, उघडत नाही

हा अडथळा सगळ्यात फसवा. फोल्डरमध्ये फोटोंची नावं आहेत, आकारही दिसतोय, पण क्लिक केलं की तुटलेली लिंक किंवा वाचता न येणारी फाइल. अशा फाइल बहुधा वनड्राइव्हच्या ‘फाइल्स ऑन-डिमांड’च्या असतात. जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह डिस्कवर फक्त नावाची पाटी ठेवतं, फोटो क्लाउडवर असतो. विंडोजमध्ये क्लिक केल्यावर तो खाली उतरतो. लिनक्सला ती सोय नाही. पार्टिशनशी झटापट करू नका. ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडा आणि तिथून डाउनलोड करा, किंवा विंडोजमध्ये जाऊन त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

उलट दिशा: विंडोजमधून लिनक्सचे फोटो

इथे माझा सल्ला आधीच सांगतो: जमत असेल तर करू नका. लिनक्समध्ये जा आणि तिथून फोटो एनटीएफएस पार्टिशनवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. लिनक्सला विंडोजची फाइल सिस्टीम येते, विंडोजला लिनक्सची ‘एक्स्ट४’ येत नाही. लिनक्स सुरू होत नसेल तरी पेनड्राइव्हवरचं लाइव्ह लिनक्स हेच काम करतं.

तरीही विंडोजमधूनच करायचं असेल तर डिस्कइंटर्नल्सचं ‘लिनक्स रीडर’ वापरा. ते फक्त वाचतं, म्हणून मला ते पटतं. पार्टिशन उघडा, ‘होम’, मग तुमचं नाव, मग ‘पिक्चर्स’, आणि हवे ते फोटो विंडोजच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. ‘एक्स्ट२एफएसडी’चं नाव अजून बरेच जण सुचवतात, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१७ ची आहे, आणि नव्या एक्स्ट४ पार्टिशनवर लिहिण्याची परवानगी असलेला इतका जुना ड्रायव्हर मी तरी वापरणार नाही.

मायक्रोसॉफ्टची स्वतःची वाट म्हणजे ‘डब्ल्यूएसएल २’मधली (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी व्यवस्था) माउंटची सोय. ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघडायचं, ‘डब्ल्यूएसएल --माउंट’ला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक द्यायचा, आणि एक्सप्लोररच्या ‘लिनक्स’ विभागात फोल्डर दिसतात. मेख अशी की ती सोय अख्खी डिस्कच जोडते, आणि ज्या डिस्कवर विंडोज चालू आहे ती जोडताच येत नाही. म्हणजे एकाच एसएसडीवर दोन्ही सिस्टीम असतील, जे सर्वांत नेहमीचं आहे, तर ही वाट बंद. साधे पेनड्राइव्हही चालत नाहीत. लिनक्स वेगळ्या अंतर्गत डिस्कवर असेल तरच उपयोग, आणि काम झालं की ‘--अनमाउंट’ करूनच पुढे जा.

फेडोराची डेस्कटॉप आवृत्ती २०२० पासून एक्स्ट४ऐवजी ‘बीटीआरएफएस’ वापरते. तिथे साधन निवडताना त्याला ही फाइल सिस्टीम कळते का ते बघा. इन्स्टॉल करताना लिनक्सला एन्क्रिप्शन लावलं असेल तर विंडोजचा नादच सोडा, लाइव्ह लिनक्समध्ये पासफ्रेज टाकून उघडा.

लाइव्ह लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर घाबरू नका. ते कुलूप नाही. होम फोल्डर मूळ वापरकर्त्याच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं आणि लाइव्ह सिस्टीमवर तुम्ही वेगळे कोणी असता. कॉपीची आज्ञा ‘सुडो’ (ॲडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावून द्या. मूळ फोल्डरच्या परवानग्या बदलत बसू नका. बदलायची असेल तर नंतर कॉपीची मालकी बदला.

मॅकबद्दल थोडक्यात. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. आपल्याला तेवढंच हवंय. मॅकची २०१७ पासूनची ‘एपीएफएस’ फाइल सिस्टीम लिनक्सवर ‘एपीएफएस-फ्यूज’ने वाचता येते. तिथे फोटो ‘फोटोज लायब्ररी’ नावाच्या एकाच गाठोड्यात असतात, लिनक्सला ते साधं फोल्डर दिसतं. आत ‘ओरिजिनल्स’मध्ये जा, जुन्या लायब्ररीत त्याचं नाव ‘मास्टर्स’ असतं. नव्या लायब्ररीत फाइलची नावं अगम्य अक्षरांची असतील. ती फोटोजनेच दिलेली असतात, फोटो ठीक असतो.

कॉपी आणि पडताळणी

पाच-पन्नास फोटो असतील तर ओढून टाका. हजारो असतील तर ‘आरसिंक’ वापरा, कारण मध्येच तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा दिली की पूर्ण झालेल्या फाइल सोडून ते पुढचं घेतं. पर्याय ‘-आरटीव्ही’ द्या: आतल्या फोल्डरांसकट घे, तारखा जप, काय चाललंय ते दाखव. सगळीकडे सांगितला जाणारा ‘-ए’ इथे नको. एक्सफॅट या फाइल सिस्टीमच्या डिस्कवर मालकी आणि परवानग्या ठेवायला जागाच नसते आणि पडदा एररने भरतो. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, नाही दिली तर फोल्डरच जातं. कॉपी आणि नंतरची पडताळणी, दोन्ही वेळा एकच पद्धत ठेवा.

नुसता फाइलींचा आकडा जुळला म्हणजे झालं असं नाही. तीच आज्ञा ‘-आरव्हीएनसी’ या पर्यायांनी पुन्हा द्या. या वेळी कॉपी काहीच होत नाही. प्रत्येक फाइल दोन्ही बाजूंनी पूर्ण वाचून चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) ताडला जातो, आणि ज्या जुळत नाहीत त्यांचीच नावं येतात. एकही नाव आलं नाही तर कॉपी तंतोतंत आहे. वेळ लागतो, लागू द्या. कॉपीच्या तारखा आजच्या दिसत असल्या तरी काढल्याची तारीख फोटोच्या आत एक्झिफमध्ये असते, ती कॉपीने बदलत नाही.

शेवटी ‘अनमाउंट’ किंवा ‘इजेक्ट’ करा. लिनक्स लिहायचा मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवतं; प्रगतीची पट्टी भरली म्हणून बाहेरची डिस्क उपसली तर शेवटचे काही फोटो अर्धवट राहतात.

रोजचंच असेल तर वेगळं पार्टिशन

दोन्हीकडून फोटो लागत असतील तर दर वेळी हा खटाटोप करण्यापेक्षा फोटोंसाठी तिसरं पार्टिशन करा. अंतर्गत डिस्कवर मी एनटीएफएस निवडेन, कारण त्याला जर्नल असतं आणि वीज गेल्यावर विंडोजला ते तपासून दुरुस्त करता येतं. एक्सफॅटला जर्नल नाही. ते बाहेरच्या डिस्कसाठी ठीक. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि फोटोंबरोबर व्हिडिओ असतातच. फास्ट स्टार्टअप बंद करण्याची अट या पार्टिशनलाही लागू आहे.

लिनक्समध्ये ते आपोआप माउंट व्हावं म्हणून ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये नोंद करताना ‘एसडीए३’सारखं नाव न देता पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) द्या, आणि ‘नोफेल’ हा पर्याय घाला, नाहीतर ते पार्टिशन उघडलं नाही त्या दिवशी लिनक्सही अडून बसेल. एनटीएफएस-३जी वापरत असाल तर ‘विंडोज_नेम्स’ही जोडा. लिनक्सला फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, आणि स्क्रीनशॉटची काही ॲप वेळ लिहिताना कोलन वापरतातच. विंडोजला अशी फाइल उघडता येत नाही आणि डिलीटही करता येत नाही. हा पर्याय असला की लिनक्स तसं नाव त्या पार्टिशनवर घेतच नाही. आधीच पडलेल्या तसल्या फाइलींची नावं मात्र लिनक्समधूनच बदलावी लागतील.